पाजायचा अर्धा तास

सेतुबाल, ४ ऑक्टोबर

प्रिय इदालिना,

माझं अक्षर बघून आधी घाबरशील, म्हणून लगेच सांगते, कुणी गेलेलं नाही. आपण दोघी एकमेकींना पत्र लिहितो ते कुणी मेल्यावरच, अशी आपली सवय झाली आहे. आईच्या वेळी लिहिलं, तुझा औरेलिओ गेला तेव्हा लिहिलं, माझा नवरा गेला तेव्हा तू दोन ओळी पाठवल्या होत्यास. नाताळला फोन असतो, पण फोनवर तू हवापाणी विचारतेस, मी गुडघे सांगते, आणि संपतं. तेव्हा हे पत्र बसून वाच. चष्मा लाव. आणि वाचताना तुझी सिल्वी जवळ नसेल तर बरं. तिला नंतर सांगायचं की नाही, ते तू ठरव.

इकडचं म्हणशील तर घर आहे तसंच आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून नदीचा तेवढाच तुकडा दिसतो. आईच्या थडग्यावरची फरशी मी मे महिन्यात नीट करून घेतली. तिच्या शेजारी तोमेची लहान फरशी आहे, तीही घासून घेतली. त्याच्या नावातलं एक अक्षर पुसट झालं होतं, ते कोरून घेतलं. आपल्या जुन्या तारल्यांच्या कारखान्याचं छप्पर गेल्या हिवाळ्यात पडलं. आता आत अंजिराची झाडं उगवलीत. मी त्या गल्लीनं जात नाही. बाजाराला जायला लांबचा रस्ता धरते, चढाचा आहे तरी. लोक म्हणतात, म्हातारीला व्यायामाची हौस आहे. म्हणू देत.

गेल्या रविवारी वानिया आली होती. माझ्या जुआकिंची धाकटी, तिला तू आईच्या फोटोशेजारच्या चौकटीत बघितलंयस, दात पडलेली. ती आता चोवीस वर्षांची आहे आणि तिची मुलगी चौदा महिन्यांची. धक्क्यापलीकडे गोठवलेल्या मासळीचा जो नवा कारखाना आहे, तिथं ती पॅकिंगला असते. पांढरा झगा, डोक्यावर जाळी, हातात निळे मोजे. आमच्यासारखे हात फाटत नाहीत त्यांचे. पाजणाऱ्या बाईला आता दिवसाचे दोन तास मिळतात, कायद्यानं, पूर्ण पगारी. आपल्याला ते ऐकूनच हसू आलं असतं. फक्त मूल वर्षाचं झालं की डॉक्टरचा कागद द्यावा लागतो. वानियानं दिला. तर ऑफिसातल्या बाईनं सांगितलं, कागद कुणीही आणतं, तुम्ही आमच्या डॉक्टरकडे या आणि त्याच्यासमोर दूध काढून दाखवा. तिच्याबरोबरच्या दोघींनी दाखवलंही. वानिया हे सगळं मला हसत हसत सांगत होती, तळलेला माकूळ खात, मुलगी मांडीवर. म्हणाली, "आजी, म्हणजे मी काय गाय आहे?" मी उठले आणि भांडी घासायला लागले. अजून कुणाचं जेवण झालं नव्हतं.

तुला ते वर्ष आठवतं का, असं विचारणं मूर्खपणाचं आहे. पण मला जे आठवतं ते तुला कधी सांगितलं नाही. औरेलिओ तेव्हा गिनीच्या जंगलात लढाईवर होता आणि तुझ्या पोटी तोमे आला होता, मार्चमध्ये. तू बाविशीची. मी एकोणतीसची, लग्नाला सात वर्षं झालेली आणि मांडी रिकामी. त्याच हिवाळ्यात मला मुकादमीण केलं होतं. काळा अ‍ॅप्रन जाऊन पांढरा आला, हातातली सुरी गेली आणि शिट्टी आली. आई मला म्हणाली होती, "शिट्टी वाजवशील ती वाजव, पण आपल्या घरच्यांच्या कानात नको." आईचं बोलणं म्हणजे तुला माहीत आहे.

पाजायच्या सुट्टीचा कागद कारखान्यात होता, फाटकाजवळ भिंतीवर, काचेच्या मागे. दिवसातून दोनदा, अर्धा अर्धा तास. पण कागद भिंतीवर असतो आणि मासळी टेबलावर असते. होडी आली, भोंगा वाजला, तारल्यांचा ढीग पडला की तो संपेपर्यंत कुणी हलायचं नाही, असा खरा नियम. तरीही आपल्याकडे ते चालायचं. दहाला आणि तीनला म्हाताऱ्या बाया पोरं घेऊन फाटकाशी येऊन बसायच्या. पाजणाऱ्या बाया हात धुवून धावत जायच्या, दगडी बाकावर बसायच्या, छातीला माशाचा वास, पोरं तसंच प्यायची. त्यांच्यातली ओतिलिया म्हणायची, "आमची पोरं दूध पीत नाहीत, कालवण पितात." आई तोमेला निळ्या शालीत गुंडाळून आणायची. तो फार रडका नव्हता. तू दिसलीस की मात्र हात हलवत ओरडायचा, आणि सगळ्या बाया म्हणायच्या, आले बघा साहेब, जेवण गरम करा.

मे संपता संपता अमिल्कार साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. माणूस वाईट नव्हता, आवाज कधी चढवायचा नाही. त्यानं खिडकीतून बाकाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "एका टेबलावर पाच पाजणाऱ्या. फेलिस्मिना, हा कारखाना आहे की गोठा?" मग म्हणाला, यातल्या निम्म्यांचं दूध कधीच गेलेलं असेल, नुसत्या उन्हात बसायला जातात. तपास. "मी हात लावणं बरं दिसणार नाही, तू बाई आहेस," म्हणाला. मी म्हटलं, तपासून काय करू? तर म्हणाला, "मला तीन चालतील. कुठल्या तीन ते तू बघ. पण तुझी बहीण त्या तिघींत असली, तर बाकीच्या काय म्हणतील त्याचाही विचार कर." एवढंच. पुढं त्यानं मला संत्रं दिलं. मी ते तिथंच उभ्यानं सोलून खाल्लं. इदालिना, ते आंबट होतं हेही मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी तेलाच्या डब्यांच्या कोठीत मी एकेकीला आत घेतलं. कोठीला खिडकी नव्हती, दार लोटलं की अंधारच. ओतिलिया पहिली आली. ती कशाला लाजते? तिनं अशी जोरात चिळकांडी मारली की माझ्या गळ्यावर आली. "घे," म्हणाली, "कॉफीत घाल, मुकादमीणबाई." आम्ही दोघी हसलो. त्या हसण्यानं मला वाटलं की हे काही एवढं वाईट काम नाही. दुसऱ्या दोघींनाही दूध होतं. चौथीचं मूल दीड वर्षाचं होतं, तिला थोडंच आलं, तीच म्हणाली, राहू दे ताई, मी सोडतेच आहे. म्हणजे तीन झाल्या होत्या. आणि मग तू आलीस.

तू भिंतीकडे तोंड करून उभी राहिलीस. तुला अंगावरचं काढायला वेळ लागला. त्या आठवड्यात आई रोज म्हणत होती की या पोराचं पोट भरत नाही, रात्री चोखत राहतो, तुझं दूध पातळ झालंय. तू आधीच घाबरलेली होतीस. मी हात लावला तेव्हा तू म्हणालीस, "ताई, किती गार हात आहेत तुझे." मी दाबून पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. आणि म्हटलं, "इदालिना, आटलंय गं." तू म्हणालीस, "सकाळी होतं थोडं." मी म्हटलं, "आता नाही." तू वाद घातला नाहीस. गुंड्या लावल्यास, एक गुंडी चुकीच्या काजात गेली, तशीच टेबलावर गेलीस आणि सुरी उचललीस. त्या दिवशी तीन वाजता आई फाटकाशी आली तेव्हा मी तिला जाऊन सांगितलं. आईनं तोमेभोवतीची शाल घट्ट केली. मग म्हणाली, "तू सांगतेस म्हणजे असेल."

आईनं त्याच संध्याकाळी भाजलेल्या पिठाची पेज सुरू केली. तू घरी गेल्यावर त्याला छातीशी घ्यायचीस, पण तो चिडायचा, तूही रडायचीस. आई म्हणायची, नसलेलं चोखून पोराची ताकद कशाला घालवतेस. दहा-बारा दिवसांत खरंच गेलं. बाईचं दूध असंच असतं, कुणी मागितलंच नाही की ते निघून जातं, एवढं तर तेव्हाही मला कळत होतं. पण आई पहिले काही दिवस सवयीनं त्याला घेऊन फाटकाशी यायची. दहाला आणि तीनला. बाकावर बाकीची पोरं प्यायची आणि तोमे ओरडायचा. टेबलावर तू खाली मान घालून माशांची डोकी उडवायचीस. तुझ्या अ‍ॅप्रनच्या वरच्या बाजूला दोन ओले डाग यायचे. ओतिलियानं ते बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. ती माझ्याशी नंतर कधीच हसून बोलली नाही. तेव्हा मला वाटलं, ते डाग मिठाच्या पाण्याचे असतील. असं मी स्वतःला सांगितलं.

ऑगस्टात तो गेला. हगवण लागली, चार दिवस. तुला सांगायला नको. तू त्या दिवशीही कामावर होतीस, कारण सकाळी त्याला थोडं बरं वाटत होतं. तीन वाजता आई फाटकाशी आली तेव्हा तिच्या हातात काही नव्हतं. शालही नव्हती. दोन्ही हात असे पुढं धरलेले होते, जसे ती त्याला घेऊन यायची तसेच. मी फाटकाशी होते, म्हणून मीच तिला आधी बघितलं. मग मला टेबलापर्यंत चालत यायचं होतं. मी म्हटलं, "इदालिना, आई आलीय, बोलावतेय." तू सुरी खाली ठेवली नाहीस. वर बघून विचारलंस, "पण मला सुट्टी आहे का?"

तू टोमणा मारत नव्हतीस. तू खरंच विचारत होतीस. नियम मोडून मला त्रास होऊ नये म्हणून विचारत होतीस. पंचावन्न वर्षं झाली, हे एक वाक्य माझ्या घरात राहतं. मी कणीक मळत असते आणि ते माझ्या मागं उभं असतं. दहा वाजता नाही, तीनलाच. दुपारच्या तीनला मी रेडिओ मोठा करते. शेजारीण समजते की मला ऐकू कमी येतं.

पुढचं तुला माहीत आहे. औरेलिओ परत आला, तुम्ही दोघं डोंगर ओलांडून चोरून फ्रान्सला गेलात. तिथं सिल्वी झाली. तू आईला पत्र लिहिलंस, ते आईनं मला वाचायला लावलं, तिचे डोळे अधू झाले होते. त्यात तू लिहिलं होतंस की दवाखान्यातल्या नर्सनं मुलीला छातीशी दिलं तर मीच नाही म्हटलं, पहिल्या दिवसापासून बाटली लावली, माझं दूध गुणाचं नाही, एकाला उपाशी मारलं, दुसरीला कशाला. मी ते मोठ्यानं वाचलं. "एकाला उपाशी मारलं" हे शब्द माझ्या तोंडून, तुझ्या नावानं, आईच्या कानात गेले. आई म्हणाली, बिचारी. मी पत्राची घडी घातली आणि चूल बघायला गेले.

चौऱ्याहत्तरमध्ये इथं सगळं उलटंपालटं झालं, जुनं सरकार गेलं, कारखान्याकारखान्यांत बायांनी समित्या केल्या. मी आमच्या समितीत होते. ओतिलिया म्हणाली, मुकादमीण इथं कशाला? मी म्हटलं, मला एकच गोष्ट हवी आहे, ती झाली की निघून जाते. तेलाच्या डब्यांची ती कोठी मी रिकामी करायला लावली. भिंत फोडून खिडकी काढली. चुना मारला, सहा खुर्च्या ठेवल्या, हात धुवायला गरम पाणी आणलं. पाजायला अर्ध्याऐवजी पाऊण तास. आणि नियमात मी एक ओळ घालायला लावली: बाईनं सांगितलं की ती पाजते, एवढं पुरे, कुणी कुणाला तपासायचं नाही. अमिल्कार साहेब तोवर म्हातारे झाले होते. मला म्हणाले, "तुला ना मूल ना बाळ, तू कुणासाठी भांडतेस एवढी?" मी खुर्च्या मोजायला लागले. बायांना वाटलं, केवढी न्यायाची बाई. त्यांनी माझं कौतुक केलं, इदालिना, आणि मी ते करू दिलं.

आणि मग अडतिसाव्या वर्षी, कुणाच्याही ध्यानीमनी नसताना, मला जुआकिं झाला. मी त्याला त्याच कोठीत पाजलं. दहाला आणि तीनला. तो तोंड लावायचा आणि मला असा पान्हा फुटायचा की दुसऱ्या बाजूनं झगा भिजायचा. शेजारच्या खुर्चीतल्या पोरी म्हणायच्या, फेलिस्मिना ताईंच्या दुधावर अख्खी होडी चालेल. मला तेव्हा फाटकाकडून ओरडणं ऐकू यायचं. मी उठून बघायची. बाकावर कुणी नसायचं, आता सगळी पोरं आतच असायची. मी परत येऊन बसायची आणि तरी ते यायचं, भुकेचं ओरडणं, हात हलवत असल्यासारखं. एक वर्ष मी ते ऐकलं. मी कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, हेच माझं देणं आहे, रोजचं, आणि ते मी फेडतेय. तसं काही नव्हतं. तू तिकडं जे उचलून चालली होतीस त्यातलं कणभरही माझ्या ऐकण्यानं कमी होत नव्हतं.

आईच्या अंत्यविधीला तू आलीस तेव्हा आपण दोघींनी पाहुण्यांची भांडी घासली, आठवतं? तू धूत होतीस, मी पुसत होते. तू म्हणालीस, "ताई, आई शेवटी तोमेबद्दल काही बोलली का?" मी म्हटलं, नाही. ती बोलली होती. ती म्हणाली होती, "फेलिस्मिना, त्या पोरीच्या कपड्यांवर डाग असायचे. ते मी धूत होते." एवढंच म्हणून तिनं तोंड फिरवलं. म्हणजे आईला कळलं होतं, आणि तीही बोलली नव्हती, कारण तिला दोन्ही मुली हव्या होत्या. त्या दिवशी माझ्या हातात ओली बशी होती आणि ओठांवर सगळं आलं होतं. तेवढ्यात कुणीतरी कॉफी मागितली.

आता रविवारचं राहिलेलं सांगते, म्हणजे हे पत्र का लिहिलं ते तुला कळेल. वानिया निघताना दारात थांबली. पोर खांद्यावर झोपलेलं. म्हणाली, "आजी, मी नाही जात त्या डॉक्टरकडे. पण समजा गेले आणि आलंच नाही तर? इदालिना आजी मला फोनवर म्हणाली होती की आपल्या घरातल्या बायकांचं दूध टिकत नाही, तिचं तीन महिन्यांत आटलं, सिल्वीलाही तिनं पाजू नको असंच सांगितलं. कदाचित माझंही आटलं असेल आणि मला कळत नसेल." इदालिना, ती स्वतःच्या छातीकडे बघत होती, तू भिंतीकडे बघत होतीस तशी. म्हणून आता ऐक. त्या दिवशी कोठीत मी पहिल्यांदा दाबलं तेव्हा काही आलं नाही, तू घाबरलेली होतीस आणि माझे हात गार होते. दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा आलं. थेंब नव्हे, धार आली. माझ्या बोटांवरून मनगटापर्यंत गेली, कोमट होती. तुझे डोळे मिटलेले होते आणि माझे हात मिठाच्या पाण्यानं आधीच ओले होते, म्हणून तुला कळलं नाही. मी ती अ‍ॅप्रनला पुसली आणि म्हटलं, आटलंय गं. मला चौथी नको होती. बहिणीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको होतं. आणि माझी मांडी रिकामी होती, तेही त्यात होतं, किती होतं ते मला आजही सांगता येत नाही. तुझं दूध आटलं नव्हतं. तुझं दूध चांगलं होतं, भरपूर होतं, आणि ते तू माझ्या शब्दावर सोडलंस. येत्या नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी वानियाबरोबर मी तिच्या कारखान्यात जाणार आहे, युनियनची बाई येणार आहे, तिथं मी उभी राहून सांगेन की हे तपासणं मी केलेलं आहे आणि त्यात काय झालं. तोमेचं नाव घ्यायचं की नाही ते तुझ्या हातात आहे. नको असेल तर आदल्या बुधवारपर्यंत फोन कर, काही बोलू नकोस, नुसतं नको म्हण. आणि फोन केला नाहीस तरी सिल्वीला एवढं सांग, की तिच्या आईला दूध होतं.

तुझी म्हणवून घ्यायला जागा उरली असेल तर तुझीच,
फेलिस्मिना